घरी बसवणं आणि घरी शिकवणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९७८ साली मी चौथीत होते आणि माझी थोरली बहीण, आमची बडी आपा, सातवीत. एप्रिलमध्ये तिची परीक्षा झाली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझं दप्तर भरलं गेलं, तिचं खुंटीवरच राहिलं. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा आमच्या दादीनं सांगितलं, ‘तिला घरी बसवली.’ भांडण नाही, रडारड नाही. मिरजेत त्या वेळी हे शब्द इतके रुळलेले होते, की ते ऐकून कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे. आणि हे आमच्याच समाजात होतं असंही नाही. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याच घरांत मुली अशाच बसवल्या जात.

मला दहावीपर्यंत जाऊ दिलं, तेही आमच्या मराठीच्या बाई दोनदा घरी येऊन अब्बांशी बोलल्या म्हणून. त्यानंतर मीही बसले. मग हट्ट करून बारावी बाहेरून दिली आणि शिवाजी विद्यापीठाची बहिस्थ विद्यार्थिनी म्हणून बी. ए. झाले. वर्षातून एकदा परीक्षेपुरतं सांगलीला जायचं, तेही धाकट्या भावाला सोबत घेऊन. भाऊ तेव्हा दहा वर्षांचा. परीक्षा माझी, आणि रक्षण करणार तो! बाहेर झाडाखाली बसून शेंगदाणे खात तो माझी वाट पाहायचा. वर्षभर जी पुस्तकं वाचली, त्यांच्याविषयी बोलायला एक माणूस नसे. मी कविता लिहायला त्याच काळात लागले, म्हणून काहीजण म्हणतात की एकटेपणानं तुम्हाला कविता दिली. मला ते पटत नाही. मैत्रिणी असत्या तरी मी लिहिलं असतं, कदाचित जरा बरं लिहिलं असतं.

हे एवढं सगळं आधी सांगितलं, कारण २०२३ च्या मे महिन्यात तोच भाऊ पुण्याची नोकरी सोडून बायकामुलांसह मिरजेला परत आला, आणि माझी भावजय मला म्हणाली, ‘आपा, यंदा मुलांना शाळेत घालायचं नाही असं आम्ही ठरवतोय. वर्षभर घरीच शिकवू. तुम्ही हाताशी असाल ना?’

मी सरळ नाही म्हटलं. म्हटलं, मुलींना उंबऱ्याबाहेर काढण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या, आणि तुम्ही शिकलेली माणसं त्यांना पुन्हा आत घेता?

भावजय शांत बाई आहे. बी. एस्सी. झालेली. तिनं मला मुलं समजावून सांगितली. त्यांची नावं मी इथं घेत नाही. ती रेडिओवर यावीत की नाही, हे त्यांनी मोठं होऊन ठरवावं. थोरली बारा वर्षांची, सातवीत जाणारी. पुण्यातल्या तिच्या शाळेत गणिताच्या तासाला उत्तर चुकलं की तास संपेपर्यंत उभं राहावं लागे. दुसऱ्या सत्रात तिच्या पोटात दुखायला लागलं, आणि ते फक्त गणित असलेल्या दिवशीच दुखे. मधला दहा वर्षांचा, पाचवीत जाणारा. त्याची शाळेबद्दल काही तक्रार नव्हती, कारण शाळेत त्याचं लक्षच नव्हतं. त्याच्या डोक्यात आगगाड्या. धाकटी सहा वर्षांची. तिला दर दिवशी नवीन काहीतरी आवडे. सोमवारी मुंग्या, मंगळवारी दादीची पेटी, बुधवारी पुन्हा मुंग्या. तीन मुलं, तीन तऱ्हा. ‘एका वर्गात चाळीस असतात तेव्हा हे कुणाला दिसत नाही,’ भावजय म्हणाली, ‘मला एक वर्ष बघू दे.’

मी विरघळत चालले होते, तेवढ्यात आमचे एक चाचा भेटायला आले. त्यांच्या कानावर बातमी गेली होतीच. ते खुशीत भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘अच्छा किये बेटा. पोरी अब सयानी बी हो गई थी.’

श्रोतेहो, त्यांच्या शाबासकीनं मी जेवढी घाबरले, तेवढी कुणाच्या विरोधानं घाबरले नसते. आम्ही ज्याला घरशाळा म्हणत होतो, त्याचं बाहेर आधीच दुसरं नाव पडलं होतं.

त्या रात्री मी भावाला आणि भावजयीला तीन अटी सांगितल्या. पहिली, थोरली रोज घराबाहेर जाईल. रोज. पाऊस असो, पाहुणे असोत. दुसरी, घरकामाचे तास तिघांना सारखे. घरात राहणारी बारा वर्षांची मुलगी हळूहळू आईचा उजवा हात होते, हे मी स्वतःवरून सांगत होते. आणि तिसरी अट, परत फिरायची तारीख आजच लिहायची. भावानं कॅलेंडर काढलं, पुढच्या वर्षीच्या एप्रिलची ३० तारीख वहीत लिहिली आणि खाली तिघांनी सह्या केल्या. त्या दिवशी मुलांनाच विचारायचं, पुढं काय.

कायद्याचंही विचारून घेतलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात घरी शिकवण्याबद्दल स्पष्ट परवानगी नाही. पण सहा ते चौदा वर्षांचं मूल शाळेबाहेर असेल, तर त्याला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे, असं त्याचं चौथं कलम म्हणतं. म्हणजे परतीचं दार उघडं होतं. चौदा वर्षांनंतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येतं. तिथं पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि विषय थोडे थोडे करून देता येतात. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म तर आमच्या पिढीला पाठच आहे. एवढं कळल्यावर माझी छाती जरा हलकी झाली.

आता नियोजनाचं सांगते, कारण खरी फजिती तिथंच झाली.

भावजयीनं मोठ्या पुठ्ठ्यावर वेळापत्रक केलं. तीन मुलांचे तीन रकाने, चाळीस मिनिटांचे तास, स्केचपेनचे सहा रंग. दिसायला फार देखणं. थोरलीला चित्रकला आणि हस्तकला जास्त, मधल्याला भूगोल जास्त, धाकटीला गोष्टी जास्त. ज्याची जशी आवड, तसे तास. नवव्या दिवशी ते कोसळलं. मी हिशेब केला. तीन मुलांचे रोज पाच-पाच विषय म्हणजे पंधरा तासिका, आणि शिकवणारी बाई एक. एकाला शिकवताना दोघं मोकळी. मोकळा मधला रेल्वेचं जुनं टाइमटेबल घेऊन माडीवर जायचा. मोकळी धाकटी मांजरामागं. आणि मोकळी थोरली? ती ओट्यापाशी बसून लसूण सोलत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचा हात आपोआप तिकडं गेला होता.

मी तो पुठ्ठा भिंतीवरून काढला. भावजयीला वाईट वाटलं, पण ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला आम्ही नव्यानं लिहायला घेतलं. लसूण सोलणे, कपडे वाळत घालणे, दळण आणणे ही कामं आधी लिहिली, तिघांच्या नावांपुढं फिरती. मग दिवसाचे चार तुकडे केले. सकाळी चहानंतर तासभर सगळ्यांनी एकत्र वाचायचं. मोठ्यांनीसुद्धा. त्यानंतर तासभर हिशेब, ज्याच्या त्याच्या इयत्तेप्रमाणं. मग एक तास आपापला, ज्यात कुणी कुणाला काही विचारायचं नाही. आणि दुपारनंतर बाहेर. शुक्रवारी संध्याकाळी तिघांनी आठवड्यात काय कळलं ते सगळ्यांना सांगायचं, आणि जे कळलं नाही तेही सांगायचं. त्या वहीला मुलांनी नाव ठेवलं, जुम्याची वही.

पुस्तकं बालभारतीचीच घेतली. त्या वर्षी ती चार भागांत आली होती आणि धड्यांच्या मध्ये लिहायला कोरी पानं घातली होती. ही पद्धत पुढं बंद झाली. कोऱ्या पानांवर शाळेतली मुलं काय लिहीत असतील ते असोत, आमच्या मधल्यानं त्यांवर मिरज स्थानकातून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहिल्या.

राहिला प्रश्न आवडीनिवडीचा. पहिल्या वेळापत्रकात आम्ही प्रत्येकाची आवड वेगळ्या डब्यात भरली होती. त्यामुळं तिघं एका घरात तीन बेटांसारखी राहायला लागली. दुसऱ्या खेपेला आम्ही वर्षाचे तीन भाग केले आणि प्रत्येक भागाला एकच विषय ठेवला, सगळ्यांना सामाईक. पावसाळ्यात पाणी. हिवाळ्यात नाद. त्यानंतर भाषा. त्यात ज्यानं त्यानं आपल्या दारानं शिरायचं. आणि एक नियम. भावंडाच्या आवडीच्या जागी आठवड्यातून एकदा पाहुणा म्हणून जायचं. पाहुण्यानं कंटाळा आला असं तोंडावर म्हणायचं नाही, आणि परत आल्यावर एक तरी प्रश्न विचारायचा.

पाण्यापासून सुरुवात केली, कारण आमच्याकडं ते सक्तीचंच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. हे आकडे आमच्याकडं लहान मुलांनाही तोंडपाठ असतात. रोज सकाळी पेपरातून पुलाजवळची पातळी वाचायची आणि आलेख काढायचा, असं ठरलं. मुलं पुराची वाट बघत बसली, देवानं क्षमा करावी. पण २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आलेखाची रेघ आडवी पडून राहिली. धाकटी म्हणाली, ‘नदी झोपलीय.’ जत तालुक्यात टँकर सुरू असल्याच्या बातम्या येत होत्या. आम्ही शिकवायला निघालो होतो पूर, आणि समोर आला दुष्काळ. शाळेच्या वेळापत्रकात धडा बदलता आला नसता. आम्ही बदलला.

आणि इथं मधल्याची गाडी फलाटाला लागली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, ते तुम्हाला आठवत असेल. ११ एप्रिलला पहिली गाडी सुटली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर. अंतर साधारण ३४२ किलोमीटर. हे सगळं त्याला ठाऊक होतं. पण त्या पाण्याचं लातुरात पोहोचल्यावर काय झालं, हा प्रश्न त्यानं कधी स्वतःला विचारला नव्हता. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार. त्यानं भागाकार केला. पहिल्या गाडीचं पाणी माणशी सव्वा लिटरपेक्षा थोडंसं जास्त. पाच माणसांच्या घराला साडेसहा लिटर. ‘फुफी, कळशीपण भरत नाही,’ तो म्हणाला. पुढं पन्नास वाघिणींची गाडी जाऊ लागली, तेव्हाही माणशी साडेसहा लिटरच.

थोरली त्या दिवशी पाहुणी होती. गणिताचं नाव काढलं की पोटात गोळा येणारी ही पोर एकदम म्हणाली, ‘पण असं सारखं वाटून कसं चालेल? आजारी माणसाला जास्त लागतं. बाळ असलेल्या घराला जास्त लागतं.’ दोघांचं तासभर भांडण झालं. सरासरी म्हणजे काय आणि सरासरीत कोण हरवतं, हे मला त्या भांडणात जितकं स्वच्छ ऐकू आलं, तितकं कुठल्या पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही.

मधला तिथंच थांबला नाही. मिरजेत एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मार्ग एकत्र येत, हे आमच्या वयाच्या लोकांनी पाहिलेलं आहे. पंढरपूर, कुर्डूवाडी, लातूरकडं जाणारी ती छोटी गाडी, ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांची. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत तो मार्ग १६७६ मिलिमीटरचा, ब्रॉडगेज झाला. ‘रूळ बदलले नसते तर पाण्याची गाडी सरळ गेलीच नसती. मध्येच सगळं पाणी उतरवून दुसऱ्या गाडीत भरावं लागलं असतं,’ असं त्यानं जुम्याच्या वहीत लिहिलं. खाली शेरा देण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

हिवाळ्यात नाद घेतला, आणि त्यात थोरलीचं दार उघडलं. मिरज म्हटलं की सतार आणि तंबोरा. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घरातल्या मंडळींनी हा व्यवसाय इथं उभा केला. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. धार लावणारे हात वाद्यांकडं वळले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, ते वाळवतात, कापतात, मग त्यांवर लाकूड चढतं. आमच्या ओळखीच्या एका वयस्कर कारागिरांकडं मी थोरलीला घेऊन गेले. चाळीस मिनिटं ती बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, ‘मला तिथं जायचंय. शिकायला.’

चाचा पुन्हा आले. मे महिन्यात जे खुशीत होते, ते नोव्हेंबरात कपाळाला आठ्या घालून आले. मुलीला घरी ठेवता ते ठीक, पण कारखान्यात पुरुषांमध्ये बसवायची? भाऊ गप्प होता. मी म्हटलं, ‘चाचा, मी रोज तिच्याबरोबर जाणार आहे. तुम्हीही या, दोन खुर्च्या मांडू.’ ते आले नाहीत. मी मात्र आठवड्याचे तीन दिवस तिथं दारापाशी पुस्तक घेऊन बसले. दहा वर्षांच्या भावाला सोबत घेऊन परीक्षेला जाणारी मी, तिची सोबत झाले. तशी सोबत लागू नये असं मला वाटतं, पण तेवढ्यानं तिचं जाणं चालू राहत असेल, तर खुर्चीवर बसायला माझं काय जात होतं?

उस्तादांनी पहिला महिनाभर तिला झाडू मारायला आणि तारा निवडायला लावलं. डिसेंबरात एका मोडक्या घोडीवर कानस चालवू दिली. घोडी म्हणजे भोपळ्यावरच्या तबलीवर बसवलेला तो छोटा तुकडा, ज्याच्यावरून तारा जातात. तिचा माथा किती आणि कसा उतरता घासायचा, त्यावर तंबोऱ्याची गुंज अवलंबून असते. त्यालाच जवारी म्हणतात. केसभर जास्त घासलं की गेलं. एक दिवस उस्तादांनी तिला ९० सेंटिमीटरची तार दाखवली. निम्म्यावर, म्हणजे ४५ वर बोट ठेवलं की वरचा षड्ज. घोडीपासून ६० वर ठेवलं की पंचम. साडेसदुसष्टवर मध्यम. निम्मं, दोन तृतीयांश, तीन चतुर्थांश. अपूर्णांकांनी जिला वर्षभर उभं केलं, ती घरी येऊन शिवणाच्या टेपनं दाराच्या कडीला बांधलेली तार मोजत होती. ‘फुफी, पंचम साठवर आहे!’ पाहुणा म्हणून बसलेल्या मधल्यानं विचारलं, ‘आणि साठ किलोमीटरवर कुठलं स्टेशन?’

सगळं असं गोड चाललं होतं, असं मात्र समजू नका. याच्या थोडं आधी, ऑक्टोबरात, एका संध्याकाळी थोरली माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘फुफी, मला मैत्रीण नाही.’ मला आतून हललं. पुठ्ठ्यावर वाचन होतं, हिशेब होता, लसूण होता. तिच्या वयाची एक मुलगी कुठंच नव्हती. आम्ही तिला रोज बाहेर नेत होतो, पण बाहेर तिला भेटत होती ती सगळी मोठी माणसं. माझ्या अटीत ‘रोज बाहेर’ होतं, ‘कुणाकडं’ ते मी लिहिलं नव्हतं. निदान मला तरी ते सुचायला हवं होतं. मग आम्ही जुम्याची वही घरापुरती ठेवली नाही. गल्लीतल्या शाळेत जाणाऱ्या चार मुलींना शुक्रवारी बोलावलं. पहिल्या वेळी त्या भज्यांसाठी आल्या, नंतर भज्यांशिवायही येत राहिल्या. त्यांतली एक खो-खो खेळायची, ती थोरलीला मैदानावर घेऊन गेली. तिथं मी गेले नाही. तिथं माझी गरज नव्हती.

शेवटच्या भागाविषयी थोडक्यात. जानेवारीत एस. टी. नं विजापूरला गेलो. गोल घुमटात धाकटीनं आपलंच नाव पुटपुटलं आणि ते पलीकडून परत आल्यावर घाबरून मला बिलगली. पण मला मुलांना सांगायचं होतं ते वेगळंच. आमच्या घरात जी दखनी बोलली जाते, तिला पुण्याच्या शाळेत मुलं मोडकी हिंदी म्हणून हसायची. याच विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं, १५८० ते १६२७ ज्याची कारकीर्द, दखनीत गाण्यांचा ग्रंथ रचला, ‘किताब-ए-नवरस’. ‘म्हणजे बादशहा आपल्या दादीसारखं बोलायचा?’ मधल्यानं विचारलं. मी म्हटलं, पुष्कळसं. त्यानंतर काही दिवस त्यानं दादीचे शब्द लिहून घ्यायचा सपाटा लावला. मार्चमध्ये रमजान आला. शाळेत असताना रमजानात मुलं पेंगत आणि बोलणी खात. घरच्या वर्षात आम्ही सकाळचं वाचन सहरीनंतरच उरकून टाकलं. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दर वर्षी अलीकडं सरकतो. हा हिशेब थोरलीनंच धाकट्या दोघांना समजावला.

आता काय जमलं नाही, तेही सांगायला हवं. इंग्रजी मागं पडलं. विज्ञानाचे वीस प्रयोग ठरवले होते, झाले तीन. त्यातल्या एकात भावजयीची कढई गेली. धाकटीचं तर कुठलंच नियोजन टिकलं नाही. ती फेब्रुवारीपर्यंत वाचतच नव्हती, आणि मग एक दिवस बाजारात दुकानाच्या पाट्या वाचायला लागली. यात आमचं कर्तृत्व किती, मला सांगता येणार नाही. सहा वर्षांच्या मुलाचं वर्षभराचं नियोजन करू नये, असं आता माझं मत आहे. त्याला मोठ्यांच्या मध्ये बसू द्यावं.

आणखी एक. घरी शिकवण्याला खर्च कमी येतो असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. आमच्याकडं एका बाईचं अख्खं वर्ष खर्च झालं आणि दुसरीच्या दुपारी. भाऊ रविवारी शिकवायचा आणि त्याचं कौतुक मात्र सगळे करायचे. ज्या घरात आई सकाळी आठला कामाला जाते, तिथं हे शक्य नाही. ज्या मुलीच्या घरी लसणाकडं कुणाचं लक्ष नाही, तिच्यासाठी शाळाच बरी, कितीही वाईट असली तरी. शाळेतून येता-जाता तिला निदान रस्ता तरी मिळतो.

३० एप्रिलला संध्याकाळी तिघांना विचारलं. मधल्यानं शाळा म्हटलं, कारण शाळेच्या वाटेवर फाटक लागतं. धाकटीनं शाळा आणि घर दोन्ही पाहिजे असं सांगितलं. तिला वाटलं, ती काही फार मोठी मागणी करतेय. थोरली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, शाळेत जाईन, पण रविवारी उस्तादांकडं जाणार, आणि जुम्याची वही चालू राहणार. जूनमध्ये तिला आठवीत प्रवेश मिळाला, खो-खोवाल्या मैत्रिणीच्याच शाळेत. पोटदुखी पुन्हा झाली नाही असं नाही, पण चाचणी परीक्षेपुरतीच झाली.

त्याच जूनमध्ये बडी आपा इचलकरंजीहून राहायला आली. तिला आता नातवंडं आहेत. थोरली नवीन पुस्तकांना कव्हरं घालत बसली होती. आपा तिच्याजवळ खाली बसली. एक पुस्तक उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ‘आठवीत असतं तरी काय गं?’

थोरलीनं अनुक्रमणिका उघडली आणि पहिल्यापासून सांगायला लागली. स्वयंपाक त्या दिवशी मी आणि मधल्यानं केला. जाताना आपानं पहिला भाग पिशवीत घातला, म्हणाली, ‘वाचून देते परत.’ आम्ही थोरलीसाठी दुसरी प्रत आणली. ती पहिली अजून परत आलेली नाही.